रजई मशीनमध्ये धुता येते का?

"कापसाची जयपुरी रजई वॉशिंग मशीनमध्ये धुता येते का?"

जयपूरच्या जुन्या शहरातल्या आमच्या दुकानात हा प्रश्न दिवसातून चार-पाच वेळा तरी येतो. पापाजी, म्हणजे माझे सासरे, गेली चाळीस वर्षं त्याचं एकच उत्तर देतात. हाताने टाके घातलेली कापसाची रजई मशीनमध्ये घालू नका. कापूस ओला झाला की एका कोपऱ्यात गोळा होतो, मग ती रजई राहत नाही, उशी होते. वरून सुती खोळ घाला आणि खोळ धुवा. रजईला अधूनमधून तासभर ऊन दाखवा. फारच मळली तर ड्राय क्लीनला द्या. दोहर मात्र खुशाल धुवा, तिच्यात कापूस नसतोच, मलमलीचे तीन पदर असतात. थंड पाणी, सौम्य साबण आणि वाळवायची सावलीत.

एवढं सगळं ते पैसे मोजता मोजता सांगतात. गिऱ्हाईक समाधानाने मान हलवतं आणि बहुतेक वेळा एकाऐवजी दोन रजया घेऊन जातं. आमच्या वेबसाइटवर मात्र यातलं एक अक्षर नव्हतं.

वेबसाइट २०१४ सालची. उघडली की आधी हवामहल दिसायचा, मग हत्ती, मग पुन्हा हवामहल, आपोआप सरकणारे. मालाची नावं 'रॉयल ड्रीम्स', 'महाराणी कलेक्शन', 'डेझर्ट ब्लूम'. यातली रजई कुठली, दोहर कुठली, चादर कुठली, हे नावावरून कळायला मार्ग नाही. माप, किंमत, कापसाचं वजन हे सगळं एका सुंदर पोस्टरवर लिहून त्या पोस्टरचा फोटो लावलेला. फोनवर तो दोन बोटांनी ताणून मोठा करावा लागायचा. आणि प्रत्येक पानाचं शीर्षक एकच: 'वेलकम'. गूगलच्या यादीत निळ्या अक्षरांत जे शीर्षक दिसतं ते बहुतेक वेळा इथूनच येतं. म्हणजे आम्ही सगळ्या जगाला 'या, या' म्हणत होतो, पण दुकान कशाचं ते सांगत नव्हतो.

तरी तेव्हा कोणाला फिकीर नव्हती. जुन्या शहरातला धंदा ऑक्टोबर ते मार्च पर्यटकांवर चालतो. मार्च २०२० मध्ये तो थांबला आणि पुढचे दोन सीझन असेच गेले. धाकट्या दिरांनी मग ऑनलाइन जाहिराती सुरू केल्या. पैसे भरले की फोन वाजायचा, पैसे संपले की बंद. मोठ्या शॉपिंग ॲपवरही माल टाकला, तिथे कमिशन आणि परत आलेले पार्सल वजा करता हातात चहापाण्याचेच उरत. आमच्याकडे टाके घालणाऱ्या सहा बायका आहेत (या टाक्यांच्या कामाला इथे तगाई म्हणतात) आणि कापूस पिंजणारे एक चाचा आहेत. पापाजींनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "एक सीझन और देखते हैं." ते असं म्हणाले की घरात कोणी जास्त बोलत नसे.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन जयपूरला आले त्याला आता वीस वर्षं होतील. दुकानाचे हिशेब आणि ईमेल माझ्याकडे असतात, म्हणून वेबसाइटचं झेंगटही माझ्याच गळ्यात आलं. २०२३ च्या उन्हाळ्यात, दुकानात माश्या मारायचे दिवस असताना, आम्ही ती नव्याने करायला घेतली.

आधी एक गोष्ट साध्या शब्दांत सांगते, कारण माझ्या आईलाही ती फोनवर तीनदा समजावावी लागली होती. गूगलवर काही शोधलं की वरती काही निकाल 'स्पॉन्सर्ड' अशा शब्दाखाली येतात. त्या जाहिराती, त्यांचे पैसे दुकानदार भरतो. त्याखाली जे येतात ते बिनपैशाचे. त्यांनाच धंद्यातले लोक 'ऑर्गॅनिक' म्हणतात. ऑर्गॅनिक म्हटल्यावर आईला गूळ आणि तांदूळ आठवले. गूगलला जाहिरातीचे कितीही पैसे दिले तरी या खालच्या यादीतला नंबर सुधारत नाही. गूगलची यंत्रं पानापानावर फिरतात, एका दुव्यावरून दुसऱ्यावर जातात, मजकूर वाचतात, आणि कोणी काही विचारलं की त्यातल्या त्यात उपयोगी वाटणारं पान पुढे करतात. म्हणून उत्तर पानावर असावं लागतं, आणि तेही लिहिलेलं. पोस्टरच्या फोटोतल्या अक्षरांवर विसंबून चालत नाही.

शहरातल्या एका एजन्सीचे दोन तरुण आले होते. चांगले कपडे, चांगलं इंग्रजी. त्यांनी दाखवलेलं नवीन डिझाइन खरंच देखणं होतं. पूर्ण स्क्रीनभर व्हिडिओ, वाळूचे ढिगारे, वाऱ्यावर उडणारी ओढणी. "तीन महिन्यांत पहिल्या नंबरची गॅरंटी," ते म्हणाले. पापाजींनी त्यांना लस्सी पाजली आणि विचारलं, "यात रजई कुठे आहे?" व्हिडिओच्या शेवटी होती.

पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलच दुकानदारांसाठीच्या आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट सांगतं. २०१७ मध्ये त्यांच्या एका व्हिडिओत असंही सांगितलं होतं की या कामाचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं. त्या मुलांच्या यादीत पानावर लपवायचे 'कीवर्ड' आणि विकतचे दुवे हेही होते. पानामागे शब्दांची यादी लपवायची ती सोय गूगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलेलं आहे. आणि विकतचे दुवे त्यांच्या नियमात बसत नाहीत, पकडलं तर पान खाली जातं. चौदा वर्षांपूर्वीचं औषध अजून विकलं जात होतं, आणि त्याला गिऱ्हाईकही असणार.

ते गेल्यावर मी गूगल सर्च कन्सोल उघडलं. ही सोय फुकट आहे. दिरांनी जाहिरातींच्या वेळी ती जोडून ठेवली होती, पण नंतर कोणी उघडून पाहिली नव्हती. लोकांनी गूगलमध्ये काय लिहिलं तेव्हा आपली साइट यादीत दिसली, आणि त्यातल्या किती जणांनी आत पाऊल टाकलं, हे तिथे गेल्या सोळा महिन्यांपर्यंतचं दिसतं. मी ती यादी छापून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

'रॉयल ड्रीम्स' कोणीही शोधलं नव्हतं. का शोधेल? ते नाव आमच्याच घरात ठेवलेलं. लोकांनी शोधलं होतं: हलकी रजई डबल बेड. एसीसाठी पांघरूण. रजई में कितनी रुई. दोहर म्हणजे काय. जयपुरी रजई आणि क्विल्टमध्ये फरक. बाळासाठी सुती रजई. कोणी रजाई लिहिलं होतं, कोणी रझाई, कोणी नुसतंच 'जयपूर ब्लँकेट'. स्पेलिंगची काळजी करायची गरज नाही, गूगल ते बऱ्यापैकी समजून घेतं. काळजी करायची ती प्रश्नांची. आणि हे प्रश्न तर पापाजींना पाठ होते.

मग महिनाभर मी गल्ल्याशेजारी वही घेऊन बसले. गिऱ्हाईक काय विचारतं आणि पापाजी काय उत्तर देतात, दोन्ही जसंच्या तसं लिहायचं. पापाजींना आधी ते पोलिसी चौकशीसारखं वाटलं. नंतर त्यांना गोडी लागली. गिऱ्हाईक नसताना ते स्वतःच सांगायला लागले. "बींदणी, हे लिहिलंस का?" (सुनेला इकडे बींदणी म्हणतात.) पाव किलो कापसाची रजई इतकी ऊब कशी देते, हे मी वीस वर्षांत पहिल्यांदा त्या वहीसाठी नीट विचारलं. कापूस पुन्हा पुन्हा पिंजून इतका मोकळा करायचा की त्याच्या तंतूंमध्ये हवा अडकून बसते. ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. वजन वाढवलं म्हणून ऊब त्याच हिशेबाने वाढत नाही. हे वाक्य आता साइटवर आहे, पापाजींच्याच शब्दांत.

मेनूची नावं ठरवताना मात्र वाद झाले. दिरांना 'महाराणी' हवी होती. मी त्यांना म्हटलं, भाईसा, आपल्या शहरात गल्ल्यांची नावं कशी आहेत ते बघा. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये जयपूर वसवलं ते आखून, चौकड्या पाडून. इथे मणिहारों का रास्ता म्हटलं की लाखेच्या बांगड्या, ठठेरों का रास्ता म्हटलं की तांब्या-पितळेची भांडी, खजाने वालों का रास्ता म्हटलं की संगमरवरी मूर्ती. बाहेरगावचा माणूसही नुसतं नाव ऐकून बरोबर पोचतो. जुन्या शहरातल्या दुकानांच्या पाट्यासुद्धा एकसारख्या, पांढऱ्यावर काळी अक्षरं. अडीचशेहून जास्त वर्षं जे चाललं आहे ते वेबसाइटला का चालू नये? शेवटी मेनूत चारच नावं राहिली: रजई, दोहर, चादर, बाळाची रजई. महाराणीला पहिल्या पानाच्या तळाशी जागा दिली, दिरांचं मन राखायला.

जयपूरमध्ये याचं मोठं उदाहरणही आहे. अमित आणि अनुराग जैन या दोघा भावांनी २००८ मध्ये इथूनच 'कारदेखो' सुरू केलं. गाडीची किंमत किती, मायलेज किती, या दोन गाड्यांत काय फरक, असे गाडी घेणाऱ्या घरातले रोजचे प्रश्न, त्यांची सरळ उत्तरं देणारी पानं. २०२१ मध्ये त्या कंपनीची किंमत एक अब्ज डॉलरच्या वर गेली. आमचं दुकान दहा बाय अठरा फुटांचं आहे, तुलना नको. पण तेही जयपूरचेच, हे ऐकून दीर जरा मवाळ झाले.

खरी किचकट बाब पुढे होती, आणि साइट नवी करणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकून ठेवावी. पान नवं झालं की त्याचा पत्ता बदलतो. आम्ही जुन्या सगळ्या पत्त्यांची यादी काढली तेव्हा कळलं की एका परदेशी प्रवासी बाईंनी आपल्या प्रवासवर्णनात आमच्या एका जुन्या पानाचा दुवा दिला आहे. आमच्या साइटवर बाहेरून येणारी बरीच माणसं त्या एका वाटेने येत होती. ते पान तसंच पुसलं असतं तर ती सगळी 'पान सापडले नाही' या भिंतीवर आपटली असती. यावर उपाय आहे '३०१ रीडायरेक्ट'. पोस्टात घर बदलल्याचा अर्ज देतो ना, तसंच. जुन्या पत्त्यावर आलेल्याला आणि गूगललाही सांगायचं की बिऱ्हाड कायमचं हललं, आता इकडे या. ही व्यवस्था निदान एक वर्ष ठेवा असं गूगल सांगतं, आम्ही ती काढलेलीच नाही. माझ्या मुलीने एका रविवारी दोन रकाने करून जुना पत्ता, नवा पत्ता अशी यादी केली. १३८ ओळी. तिच्या दहावीच्या सुट्टीतलं ते एकमेव काम, असं ती अजून ऐकवते.

फोटोंचं थोडक्यात सांगते. फोनमधून काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा होता, ते सगळे आटोपशीर करून टाकले. मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा मापदंड आहे. आणि गूगल आता साइटचं फोनवरचं रूपच प्रमाण मानतं, त्यामुळे संगणकावर कितीही छान दिसली तरी उपयोग नाही. प्रत्येक फोटोला खाली वर्णन दिलं: 'पांढऱ्या जमिनीवर लाल बुट्ट्यांची सांगानेरी रजई, डबल बेड'. डोळ्यांनी अधू असलेल्यांचे फोन हे वर्णन मोठ्याने वाचून दाखवतात, हे मला या कामातच कळलं.

आता भांडणाचं सांगते.

सर्च कन्सोलच्या यादीत 'हॅन्ड ब्लॉक प्रिंट रजई' हे शब्द खूप होते. आमच्या मालातला सुमारे तिसरा हिस्सा हाताच्या ठशांचा नाही, स्क्रीन प्रिंटचा आहे. स्वस्त असतो, खपतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दिरांचं म्हणणं, सगळ्यांवरच हॅन्ड ब्लॉक लिहा. "भाभी, ऑनलाइन सगळे तेच करतात. फोटोत कोणाला कळतंय?" आणि ते खोटं नव्हतं. 'जयपुरी रजई' म्हणून शोधलं तर पॉलिएस्टर भरलेल्या, यंत्रावर छापलेल्या रजयासुद्धा दिसतात. त्यांच्याशी टक्कर द्यायची तर त्यांचेच शब्द वापरावे लागतील, असा त्यांचा हिशेब.

मी नाही म्हटलं. घरात आठ-दहा दिवस धुसफूस चालली. मम्मीजी, म्हणजे सासूबाई, जेवणं वाढताना दोघांकडे बघत नव्हत्या. आमचे हे, नेहमीप्रमाणे, दोघांचंही बरोबर म्हणाले.

शेवटी पापाजींनी दुकानातून दोन रजया आणल्या, एक हाताची, एक स्क्रीनची, आणि बैठकीत उलट्या करून पसरल्या. हाताच्या छपाईत ठसा जिथे जोडला जातो तिथे बारीक खूण दिसते, एखादी बुट्टी केसभर सरकलेली असते, रंग कुठे दाट कुठे फिका, आणि तो कापडाच्या मागेही उतरतो. स्क्रीनची प्रत्येक बुट्टी तंतोतंत सारखी. ते दिरांना म्हणाले, "सांगानेरला जो दिवसभर उभा राहून ठसा मारतो, त्याच्या नावावर तू हे विकणार?" दीर काही बोलले नाहीत. पापाजी माझ्याकडे वळले. "लिही. हाताला हात, स्क्रीनला स्क्रीन."

ते सगळं मी पानावर घातलं, फोटोंसकट: हाताची छपाई कशी ओळखायची. सांगानेरची पांढऱ्या जमिनीवरची नाजूक फुलं वेगळी, बगरूचा दाबू वेगळा. दाबूत माती, चुना, डिंक यांचा लेप ठशाने लावून कापड रंगवतात आणि लेपाखालची जागा कोरी राहते. दोन्ही छपायांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ही नावं कोणीही कशालाही लावावीत अशी नाहीत. स्क्रीनच्या रजयांना वेगळं पान दिलं, त्यावर स्वच्छ लिहिलं की ही यंत्राची छपाई आहे, कापूस तोच, टाके हाताचे, किंमत कमी. पहिल्या हिवाळ्यात स्क्रीनचा माल साइटवरून कमी गेला, हे खरं. दिरांनी तो आकडा मला दोनदा दाखवला. पुढच्या वर्षी तेच पान होस्टेलला मुलं पाठवणाऱ्या घरांना सापडायला लागलं.

बदल सावकाश झाला. सप्टेंबरमध्ये नवी साइट सुरू केली, दिवाळीपर्यंत काहीच हललं नाही. उलट पहिले तीन आठवडे आकडे खाली गेले आणि मम्मीजींनी एक नारळ वाढवला. जानेवारीपासून चढायला लागले. आधी गूगलवरून दिवसाला दहाएक माणसं यायची, वर्षभराने साठ-सत्तर यायला लागली. सगळे घेत नाहीत. पण जाहिरातींचा खर्च निम्म्यावर आला, आणि शॉपिंग ॲपवर आता फक्त उशांचे अभ्रे ठेवलेत. सर्वांत जास्त वाचलं जाणारं पान छपाई ओळखण्याचं, त्याखालोखाल धुण्याचं.

ऑगस्ट २०२४ पासून गूगल भारतातही निकालांच्या वरच एआयने तयार केलेलं उत्तर दाखवतं. रजई धुता येते का, याचं उत्तर आता बऱ्याच जणांना तिथेच मिळत असणार, आमच्या पानावर न येताच. धुण्याच्या पानाला भेट देणारे कमी झालेत. पापाजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दुकानातही अर्धे लोक विचारून निघूनच जातात." मला ते तितकं हलकं घेता येत नाही. आम्ही महिनाभर वहीत लिहिलेलं उत्तर कोणी दुसऱ्याच काउंटरवर बसून देतं आहे, असं वाटतं. पण त्यावर माझ्याकडे इलाजही नाही.

गेल्या हिवाळ्याआधी यादी चाळताना एक नवाच प्रश्न दिसला, तोही बऱ्याच वेळा: जुनी रजई पुन्हा भरून मिळेल का? आमच्या साइटवर तसं काहीच नव्हतं. दुकानात मात्र पूर्वी हे काम चालायचं. रजई उसवायची, कापूस पुन्हा पिंजायचा, थोडा नवा मिसळायचा, परत टाके घालायचे. लोक नवीच घ्यायला लागले तसं ते मागे पडलं होतं. मी पिंजणाऱ्या चाचांना विचारलं, जमेल का. ते म्हणाले, नवी भरण्यापेक्षा वेळ जास्त लागतो, मजुरी तशी घेईन. पापाजींनी दर ठरवला, मी एक पान लिहिलं. त्यात हेही लिहिलं की कापूस फार कुजला असेल तर आम्ही नाही म्हणू, आणि कुरियरचा खर्च तुमचा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूरहून एक खोकं आलं. आत तीन रजया होत्या, त्यातली एक तर रजईच नव्हती, नऊवारी लुगड्यांची गोधडी होती. बरोबर चिठ्ठी: दोन भरून द्या, गोधडीचं फक्त काठ शिवा, बाकी हात लावू नका. टाके घालणाऱ्या बायकांनी गोधडी उलटसुलट करून पाहिली. कोणाचे टाके इतके बारीक, असं एकीने मला विचारलं. मला कुठे माहीत? तिने काठ शिवायला घेतला.